बाराव्या जागेचं अक्षर

(तंजावूर इथं झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृतिव्याख्यानाला आलेल्या पाहुण्यानं पहिली दहा मिनिटं दिवंगतांचे गुण सांगावेत, असा आपल्याकडे रिवाज आहे. पण ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्या अप्पांच्या मुलानं मला फोनवरच बजावलं, "ते नको. ते गेले कशानं, एवढं नीट सांगा. इथं अजून निम्म्या लोकांना वाटतं, कावीळ अंगावर काढली म्हणून गेले." तेव्हा आज स्वादुपिंडाच्या कर्करोगाबद्दल बोलणार आहे, आणि त्यावर नेम धरून मारा करणाऱ्या औषधांबद्दल. डॉक्टर मंडळी त्यांना टार्गेटेड थेरपी म्हणतात.

आधी एक कबुली. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. औषध देणारा डॉक्टर नाही. पेशंटचं तोंड मी सहसा पाहत नाही, त्याचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काचेवर पाहतो. त्यामुळे आजची गोष्ट औषधाच्या बाजूनं कमी आणि तुकड्याच्या बाजूनं जास्त येईल.

अप्पांची आणि माझी ओळखही तुकड्यांवरूनच झाली, कागदाच्या. सरफोजी महाराजांच्या वैद्यकाविषयी काही वाचावं म्हणून मी इथं सरस्वती महाल ग्रंथालयात आलो होतो. मला मोडी येत नव्हती. कुणीतरी म्हणालं, अप्पांना गाठा. ते भिंग घेऊन आले, रुमालातला एक कागद पुढ्यात ओढला आणि म्हणाले, "घाई करायची नाही. मोडीत एक अक्षर चुकलं की देणेकऱ्याचा घेणेकरी होतो." ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, लेखणी उचलायची नाही, ओळीवर ओळ धावत सुटलेली. अप्पा एकेका अक्षरापाशी थांबायचे. आम्ही लोक मायक्रोस्कोपखाली जे करतो तेच हा माणूस भिंगाखाली करतो, हे मला त्या दुपारी कळलं.

सरफोजी दुसरे १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि महाराजांच्या हाती किल्ला, वाडा आणि वेळ राहिला. त्या वेळेचं त्यांनी काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि इंग्रजी वैद्यक एका छपराखाली आणलं. माणसांबरोबर जनावरांच्याही औषधांचा विचार केला. पण मला त्यांची सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती डोळ्यांच्या ४४ रुग्णांच्या नोंदी. कोण रुग्ण, काय तक्रार, काय केलं, पुढं काय झालं, आणि सोबत डोळ्यांची रंगीत चित्रं. एका राजानं मोतीबिंदू झालेल्या माणसाच्या डोळ्याचं चित्र काढून घ्यावं, हे मला त्या काळाच्या मानानं विलक्षण वाटतं. औषध चांगलं की वाईट हे वैद्याच्या नावावर ठरत नाही, लिहून ठेवलेल्या रुग्णावर ठरतं, हे ओळखल्याशिवाय कुणी असल्या भानगडीत पडत नाही.

आता रोगाकडे येतो.

स्वादुपिंड जठराच्या मागं, पाठीच्या कण्याला टेकून आडवं पडलेलं असतं. वीतभर लांबीचं, डोकं उजवीकडे, शेपूट डावीकडे. बाहेरून हाताला लागत नाही. डोक्याच्या बाजूला गाठ झाली तर ती पित्ताची नळी दाबते आणि कावीळ होते. पोट दुखत नाही, ताप नाही, नुसते डोळे पिवळे, अंगाला खाज, शौचाचा रंग मातकट. शेपटीकडे झाली तर तेवढंही कळत नाही. पाठ दुखते, आणि पाठ कुणाची दुखत नाही? कळतं तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांचीच गाठ शस्त्रक्रिया करता येण्याजोगी असते. ती शस्त्रक्रियाही साधी नाही. अमेरिकेतल्या व्हिपल यांनी १९३५ मध्ये ती रुळवली. जिथल्या हातांना तिची रोजची सवय आहे तिथंच ती करून घ्यावी. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. शैलेश श्रीखंडे यांच्यासारख्यांनी या एकाच शस्त्रक्रियेवर आयुष्य घातलं आहे, ते उगाच नाही.

२०२२ साली जगात या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण सापडले आणि त्याच वर्षी ४ लाख ६७ हजार माणसं त्यानं गेली. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. दुसरा पहिल्याला जवळजवळ गाठतो आहे.

आपल्या लोकांत या रोगाचं नाव घराघरांत पोचलं ते दोन माणसांमुळे. नर्गिस दत्त ३ मे १९८१ रोजी मुंबईत गेल्या. मुलाचा पहिला चित्रपट पडद्यावर यायला काही दिवस उरले होते. त्याआधी न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये त्यांच्यावर उपचार झाले होते. दुसरे मनोहर पर्रीकर. १७ मार्च २०१९ रोजी पणजीत गेले. जानेवारीत नाकात नळी घालून त्यांनी गोव्याचा अर्थसंकल्प मांडला, ते छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तेही न्यूयॉर्कला जाऊन आले होते. मधे ३८ वर्षं गेली. पैसा, ओळख, जगातलं उत्तम रुग्णालय, काहीच कमी नव्हतं. तरी शेवट फारसा बदलला नाही.

या ३८ वर्षांत काहीच झालं नाही असं नाही. १९९७ मध्ये जेमसायटाबिन नावाच्या औषधाची चाचणी छापून आली. सरासरी आयुष्य ४.४ महिन्यांवरून ५.६ महिन्यांवर गेलं, आणि तेवढ्यावर ते जगभर पहिल्या पसंतीचं औषध ठरलं. २०११ मध्ये चार औषधांचं एक जालीम मिश्रण आलं, त्यानं ११ महिने गाठले. पण ही सगळी केमो. म्हणजे शेतात तण माजलं म्हणून सगळ्या वाफ्यावर फवारा मारायचा, पीक वाचलं तर वाचलं.

नेम धरायचा तर निशाण हवं. ते निशाण काय, हे समजायला तुमच्या गावातली बाहुली घेऊ या. तंजावूरची ती गोल बुडाची बाहुली, तलयाट्टी बोम्मै. मी येताना बाजारातून एक घेऊन आलो आहे, ही बघा. बोटानं ढकलली की आडवी होते, सोडली की पुन्हा उभी. आपल्या प्रत्येक पेशीत के-रास नावाचं एक प्रथिन असतं, ते अगदी असंच वागतं. बाहेरून निरोप आला की ते कलतं, पेशीला 'वाढ' असं सांगतं, आणि काम झालं की पुन्हा सरळ होतं. कलणं म्हणजे चालू, सरळ म्हणजे बंद. हे प्रथिन सुमारे १९० मण्यांची माळ आहे. बाराव्या जागी एक मणी असतो, ग्लायसिन नावाचा, सगळ्या मण्यांत लहान. तो लहान आहे म्हणूनच बाहुलीला परत उभं राहायला जागा मिळते. त्या जागी जरा मोठा मणी आला की ती अडकते. कललेली ती कललेलीच. 'वाढ, वाढ' हा निरोप थांबत नाही.

आणि मणी बदलायला काय लागतं? जनुकात त्या जागी जी-जी-टी अशी तीन अक्षरं असतात. मधलं एक अक्षर बदलून जी-ए-टी झालं की झालं. तीन अब्ज अक्षरांच्या पोथीत एका अक्षराची चूक. अप्पांना मी हे सांगितलं होतं तेव्हा ते हसून म्हणाले होते, "तुमचीही मोडीच की!"

हे कळायला वेळ लागला. १९६७ मध्ये कर्स्टन यांना उंदरांत गाठी करणारा एक विषाणू सापडला. के-रासमधला 'के' त्यांच्या नावाचा. १९८२ मध्ये माणसाच्या मूत्राशयाच्या गाठीत, रासच्याच एका भावंड जनुकात, त्याच बाराव्या जागी एक अक्षर बदललेलं सापडलं. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव आपल्याकडून गेलेल्या प्रेमकुमार रेड्डी यांचं आहे. १९८८ मध्ये उमगलं की स्वादुपिंडाच्या बहुतेक सगळ्या गाठींत के-रास बिघडलेलं असतं, शंभरात नव्वदांहून जास्त. इतकं मोठं, इतकं स्पष्ट निशाण दुसऱ्या कुठल्या कर्करोगात क्वचितच दिसतं.

मग पंचवीस वर्षं लोक काय करत होते? डोकं आपटत होते. या प्रथिनाचा पृष्ठभाग घोटलेल्या गोट्यासारखा, औषधाला धरायला खाचच नाही. जी एक खाच आहे तिथं पेशीतलं इंधन असं घट्ट बसलेलं असतं की त्याला हुसकून जागा मिळवणं जवळपास अशक्य. के-रासवर औषध निघणार नाही, असं वैज्ञानिक एकमेकांना सांगू लागले. आणि मग, जसं आपण सगळेच करतो, त्यांनी ज्या दाराला कडी होती ते दार वाजवायला घेतलं.

ते दार म्हणजे एर्लोटिनिब. याची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण टार्गेटेड या शब्दाला भुलू नये हे मी हिच्यावरून शिकलो.

पेशीच्या पृष्ठभागावर निरोप घेणारं एक टोक असतं, ईजीएफआर. एर्लोटिनिब ते बंद करतं. जेमसायटाबिनबरोबर हे द्यावं म्हणून ५६९ रुग्णांवर चाचणी झाली आणि ती यशस्वी ठरली. २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरचं पहिलं लक्ष्यवेधी औषध! आता आकडा ऐका. नुसत्या जेमसायटाबिनवर सरासरी आयुष्य ५.९१ महिने, गोळी जोडल्यावर ६.२४ महिने. वजाबाकी करा. दहा दिवस. वर्षभर जगणारे शंभरात १७ होते ते २३ झाले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण सरासरीनं दहा दिवस.

का असं झालं? तुम्ही कावेरीकाठची माणसं, तुम्हाला लगेच कळेल. कल्लणैची दारं मिटून काय उपयोग, खाली शेतात कुणी बोअरचा पंप दिवसरात्र चालू ठेवला असेल तर? ईजीएफआर वर आहे, के-रास खाली. खालची बाहुली कललेलीच आहे. वरून निरोप येवो न येवो, तिला फरक पडत नाही. नेम चांगला होता, निशाण चुकलं होतं.

आणि त्या दहा दिवसांची किंमत? २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात या गोळीवरून खटला चालला. रोशची गोळी ४,८०० रुपयांना एक, सिप्लाची १,६०० रुपयांना. रोज एक घ्यायची. महिन्याला एक लाख ४४ हजार की ४८ हजार? सिप्लाची विक्री थांबवायला न्यायालयानं नकार दिला आणि लोकांचं हित हे त्यामागचं एक कारण सांगितलं. मला तो निकाल योग्य वाटला आणि आजही वाटतो. त्याच्या थोडं आधी चेन्नईच्या पेटंट कार्यालयात इमॅटिनिबचा वाद सुरू झाला होता. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननं तो लढवला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकला. रक्ताच्या कर्करोगावरची ती गोळी सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिली ती त्यामुळे. पण इमॅटिनिब निशाणावर बसणारं औषध होतं. दहा दिवसांच्या औषधासाठी घरदार विकणाऱ्याला स्वस्त गोळी देऊन आपण त्याचं घर वाचवतो, आयुष्य नाही. गोळीच्या किमतीवर आपण जितकं भांडतो तितकं, ती गोळी कुणाला लागू पडेल यावर भांडत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

लागू पडण्याचं एक चांगलं उदाहरण आहे. ब्राका नावाची जनुकं पेशीतला फाटलेला डीएनए शिवतात. ती जन्मापासूनच बिघडलेली असतील तर पेशी दुसऱ्या, कामचलाऊ शिवणीवर भागवते. ओलापारिब ती दुसरी शिवणही उसवतं. निरोगी पेशीची पहिली शिवण शाबूत असते, ती तगते. गाठीची पेशी फाटून मरते. २०१९ च्या चाचणीत ३,३१५ रुग्ण तपासले, त्यांतल्या २४७ जणांत हा बिघाड सापडला आणि १५४ जण चाचणीत आले. रोग आटोक्यात राहण्याचा काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्य मात्र दोन्ही गटांत १९ महिन्यांच्या आसपासच राहिलं, हे जाहिरातीत लिहीत नाहीत.

तरी ही तपासणी मी आग्रहानं करायला सांगतो, आणि ती साध्या रक्तावर होते. कारण हा बिघाड रुग्णाच्या मुलीला, भाचीला, भावाला असू शकतो. स्तनाच्या, अंडाशयाच्या कर्करोगाची सूचना त्यांना वेळेत मिळते. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसल्यांची वंशकथा दगडात कोरणाऱ्यांच्या गावात मी हे बोलतो आहे. तुमच्यापैकी कित्येकांना सात पिढ्यांची नावं पाठ असतील. कोण कशानं गेलं, हे किती जणांना सांगता येईल? आत्या 'पोटाच्या दुखण्यानं' गेली म्हणजे कशानं?

काही लहान निशाणंही आहेत. ज्या थोड्या गाठींत के-रास धड असतं, त्यांत दोन जनुकं एकमेकांना चिकटून तिसरंच काही झालेलं असू शकतं. अशा एका जोडणीवर, एनआरजी-१ वर, झेनोक्युटुझुमॅब या औषधाला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. शंभरात एकाला लागू पडलं तर पडलं. पण त्या एकाला विचारा.

मुख्य दाराकडे परत येतो. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केव्हन शोकाट यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की त्या घोटीव गोट्यावर एक चोरखाच आहे. एरवी मिटलेली, पण एका प्रकारात धरता येणारी. बाराव्या जागी सिस्टीन नावाचा मणी आला असेल तर त्याला गंधकाचा एक आकडा असतो, आणि औषध त्या आकड्याला कायमचं अडकवता येतं. हा प्रकार म्हणजे जी-१२-सी. मे २०२१ मध्ये त्यावरच्या सोटोरासिबला फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. चाळीस वर्षांचं 'अशक्य' संपलं. स्वादुपिंडाच्या ३८ रुग्णांवर ते वापरून पाहिलं, आठ जणांच्या गाठी लहान झाल्या. केमोला दाद न देणाऱ्या रुग्णांत ही थोडी गोष्ट नव्हे.

पण सिस्टीन स्वादुपिंडात शंभरातल्या एक-दोन रुग्णांतच असतो. इथं राज्य आहे ते जी-१२-डीचं, सुमारे चाळीस टक्के. त्या मण्याला आकडा नाही. मग एका कंपनीनं उलटा विचार केला. खाच नसेल तर खाच बनवू. पेशीतच सायक्लोफिलिन नावाचं एक प्रथिन भरपूर असतं. औषध आधी त्याला चिकटतं, मग ती जोडगोळी जाऊन कललेल्या के-रासला मिठी मारते. ही कल्पना ज्या नैसर्गिक रेणूवरून सुचली तो मलावी देशातल्या मातीतल्या एका जिवाणूत सापडला होता. औषधाचं नाव डॅराक्सॉनरासिब. ते डी, व्ही, आर अशा बाराव्या जागेच्या अनेक चुकांवर चालतं. पहिल्या चाचण्यांत आशा वाटावी असं दिसलं आणि जून २०२५ मध्ये अमेरिकी नियामकांनी त्याला खास प्राधान्याचा दर्जा दिला. तोंड येतं, अंगावर पुरळ उठतो. निरोगी पेशींचीही बाहुली ते थोडी दाबतंच. आणि गाठ दाबली की गप्प बसत नाही, दुसरी वाट काढते. ही बाहुली बघा पुन्हा, ढकलली तरी उठतेच.

आता माझ्या टेबलाकडे येऊ.

स्वादुपिंडाचा तुकडा कसा येतो, माहीत आहे? घशातून दुर्बीण जठरात घालतात, सोनोग्राफीवर बघत बारीक सुई मागं टोचतात. बाटलीत मला मिळतात ते शिलाईच्या दोऱ्याचे तुटके धागे. ते मेणात बसवतात, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. काडेपेटीपेक्षा लहान. त्याचे केसाहून पातळ काप काढून काचेवर घेतो. आणि या रोगाची खोड अशी की गाठीचा मोठा भाग कर्करोगाचा नसतोच. घट्ट, पांढरट, जखमेच्या व्रणासारखी जाळी, आणि तिच्यात इथं चार, तिथं सहा दुष्ट पेशी. औषधाला आत शिरायला ती जाळी आडवी येते, तशी मला वाचायलाही.

२०१९ च्या अखेरीस, मी तेव्हा जिथं काम करत होतो तिथं, चाळिशीच्या आतल्या एका पेशंटचा असा तुकडा आला. गाठ स्वादुपिंडाची की पित्तनळीची, यावर माझं आणि सहकाऱ्याचं एकमत होईना. मी एकामागून एक स्टेन, म्हणजे पेशी ओळखायचे रंग, लावत गेलो, प्रत्येकाला नवा काप. आठ, नऊ, दहा. निदान पक्कं झालं, मला स्वतःचा अभिमानही वाटला. दोन आठवड्यांनी औषधवाल्या डॉक्टरांचा निरोप आला, की वय कमी आहे, के-रास धड असेल, जोडणीची तपासणी करू या, ब्लॉक पाठवा. टेक्निशियननं ब्लॉक काढला, उजेडात धरला आणि काही न बोलता माझ्यापुढं ठेवला. नुसतं मेण होतं. सगळा तुकडा मी निदानाच्या हौसेत कापून संपवला होता. पुन्हा सुई टोचायची ठरली, पण पित्तनळी उघडी ठेवणारा स्टेंट तुंबून ताप चढला आणि ते राहून गेलं. त्या पेशंटला कुठलं औषध लागू पडलं असतं की नसतं, हे आता कुणालाच कळणार नाही. ज्याला कळायला हवं होतं त्याची पोथी मी फाडली.

त्यानंतर मी दोन स्टेनच्या वर जाताना थांबतो. अशा तुकड्याचे पहिले काही काप न रंगवता बाजूला ठेवायला लावतो. साधी गोष्ट आहे. तिला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. तरी ती सगळीकडे होत नाही. रुग्ण एका गावात टोचून घेतो, दुसऱ्या गावात केमो घेतो, ब्लॉक तिसरीकडे कपाटात पडतो, आणि सहा महिन्यांनी कुणी मागितला तर सापडत नाही. मंडळी, घरात कुणाची बायोप्सी झाली तर रिपोर्टबरोबर ब्लॉकही मागून घ्या. तो तुमचा आहे. उन्हात ठेवू नका, एवढंच.

नोंद ठेवणं ही आपली परंपरा नाही, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. १९४१ पासून परळला टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळेत बसून डॉ. वसंत रामजी खानोलकर रुग्णाला विचारत होते, तंबाखू कुठल्या गालात धरतोस, धोतराची गाठ कुठं मारतोस. १९४५ च्या त्यांच्या निबंधात धोतराच्या काचणीनं होणारा कर्करोग आणि खैनीचा कर्करोग नोंदलेला आहे. आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला, नर्गिस दत्त यांच्याच नावानं उभ्या राहिलेल्या कर्करोग रुग्णालयाच्या आधारानं, १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. माणसं खेड्याखेड्यांत जाऊन विचारत, कोण आजारी, कोण गेलं, कशानं. स्वादुपिंडानं नेलेल्या एका बाईच्या नावामागं आपल्याकडे हे उभं राहिलं, ही गोष्ट मला कुठल्याही गोळीइतकी मोठी वाटते.

तुमच्या बाजूचंही एक सांगतो. केरळ-तमिळनाडूत स्वादुपिंडात खडे होण्याचा एक जुना आजार आहे, तरुण वयात पोटदुखी आणि मग साखर. या खड्यांमुळे कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे दाखवणाऱ्यांत सुरेश चारी आणि चेन्नईचे व्ही. मोहन होते. चारी यांनी पुढं अमेरिकेत आणखी एक धागा धरला. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह लागलेल्या शंभर माणसांत जेमतेम एकाला तीन वर्षांच्या आत स्वादुपिंडाचा कर्करोग निघतो. शंभरात एक म्हणजे घाबरायचं कारण नाही. पण साखर वाढतेय आणि वजन मात्र उतरतंय, असं एकदम दिसलं तर डॉक्टरला ते दोन्ही शेजारी ठेवून सांगा.

अप्पांचं तेच झालं होतं. अडुसष्टाव्या वर्षी साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी भात कमी केला. वजन उतरलं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. भाताच्या मुलखात राहून भात सोडला, म्हणजे काय निश्चय! मीही फोनवर शाबासकी दिली. मी, पॅथॉलॉजिस्ट.

२०२१ च्या पावसाळ्यात डोळे पिवळे झाले. स्टेंट बसला, सुई टोचली, कर्करोग निघाला, यकृतात गेलेला. मुलगा उळवन एक्स्प्रेसनं रात्रभर चेन्नईला आला, तिथून पुण्याला माझ्याकडे. हातात स्टीलचा छोटा डबा, त्यात कापसावर ब्लॉक. सोटोरासिबच्या मान्यतेची बातमी दोन-अडीच महिन्यांपूर्वीच आली होती आणि मी उगाच आशा धरून होतो. या वेळी तुकडा जपून वापरला आणि तपासणीला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा अप्पांना जाऊन अकरा दिवस झाले होते. बारावी जागा, जी-ए-टी. सी नाही, डी. वर्णमालेत शेजारचं अक्षर. त्या वर्षी त्या अक्षरावर जगात कुठंच औषध मंजूर झालेलं नव्हतं.

तो डबा परत द्यायचा राहून गेला होता, आज आणला आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला अप्पांनी एक चिठ्ठी चिकटवली होती, बोरूनं मोडीत लिहिलेली. आमचा टेक्निशियन म्हणाला, सर, हे कुठल्या लॅबचं लेबल आहे? मला ती वाचायला दोन रात्री लागल्या. वर नाव, वय. मग क्रमानं, साखर फाल्गुनापासून, अंगी वजन चैत्रापासून कमी, दुखणे रात्री, पाठीत, पुढे वाकून बसल्यास बरे. कावीळ आषाढ वद्यात. पथ्य, ताकभात, अर्धा वाडगा. त्याखाली 'औषध' असं लिहून पुढची जागा कोरी सोडली आहे.